धुऱ्यावरची सावली

सप्टेंबरच्या मध्याला बुलडाणा जिल्ह्यात चिखली किंवा मेहकर तालुक्यातल्या एखाद्या सोयाबीनच्या वावरात शिरा आणि धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे, पाठ करून आत चालत जा. पहिले सात-आठ तास, म्हणजे पिकाच्या ओळी, ओलांडेपर्यंत झाडं कमरेला लागतात, लांबट आणि लवलवीत. शेंगा मात्र शोधाव्या लागतात. त्यापुढे पीक एकदम बुटकं होतं, गच्च होतं आणि शेंगांनी लगडलेलं दिसतं. नव्या माणसाला धुऱ्याजवळचं उंच पीकच जास्त जोमदार वाटेल. शेतकऱ्याला तसं वाटत नाही. तो मान वर करून शेजाऱ्याच्या निंबाकडे पाहतो.

त्या उंचीचं कारण निंबाच्या पानांत आहे. झाडाची पानं उन्हातला लाल प्रकाश शोषून घेतात आणि डोळ्याला जेमतेम दिसणारा अतिलाल प्रकाश खाली सोडतात. सोयाबीनच्या पानांत या दोन रंगांचं प्रमाण ओळखणारं एक रंगद्रव्य असतं. अतिलाल वाढला की रोप समजतं, आपल्यावर कोणी तरी उभं आहे, आणि उन्हाच्या शोधात उंच पळू लागतं. शेंगेला जायची ताकद खोडात जाते. पाऊस-वारा आला की हेच लांबलेलं पीक आधी लोळतं.

मग धुऱ्यावर उभं राहून जे बोलणं होतं ते साधारण असं असतं. “भाऊ, तुह्या निंबाची सावली माह्या वावरात पडते.” “मंग मी काय सूर्य हालवू काय?” पहिल्या वर्षी हसण्यावारी जातं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी नातं तुटतं. धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना बहुतेक वेळा चुलतभाऊच असतात, कारण आजोबांच्या वाटणीत एकाच वावराचे दोन तुकडे झालेले असतात. त्यामुळे लग्नाच्या पत्रिका बंद होण्यापर्यंत गोष्ट जाते.

ही सावली कायद्याच्या कोणत्या रकान्यात बसते, ते या प्रकरणात पाहायचं आहे. तहसीलमध्ये अर्ज लिहून देणाऱ्याकडे रस्ता अडवल्याचा, पाणी अडवल्याचा, अतिक्रमणाचा, फेरफाराला हरकतीचा असे सगळे मसुदे तयार असतात. ऊन अडवल्याचा मसुदा त्याच्याकडे नसतो.

आधी सावलीचं गणित करू, कारण त्यावाचून कोणाची तक्रार खरी आणि कोणाची फुगवलेली हे कळत नाही. बुलडाणा साधारण साडेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. 22 डिसेंबरच्या आसपास भर दुपारी इथे सूर्य क्षितिजापासून सुमारे 46 अंशांवर असतो. म्हणजे 30 फूट उंच निंबाची सावली त्या दिवशी बाराच्या सुमाराला जवळपास 29 फूट पडते, तीही सरळ उत्तरेला. सकाळी नऊला सूर्य 28 अंशांवर असतो. तेव्हा तीच सावली वायव्येला 56 फुटांपर्यंत जाते. 21 जूनला चित्र पार बदलतं. सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेलाच असतो आणि निंबाची सावली त्याच्या बुंध्याशी गोळा होते. जिल्ह्यात तर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्याच्या आधी आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात असे दिवस येतात की दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशीच होते.

यावरून दोन गोष्टी कळतात. खरिपात सावली सकाळ-संध्याकाळ पूर्व-पश्चिम खेळते, म्हणून उत्तर-दक्षिण धावणाऱ्या धुऱ्यावरचं झाड दोन्ही बाजूंना थोडं थोडं नुकसान करतं. रब्बीत मात्र ज्याचं वावर झाडाच्या उत्तरेला आहे त्याचाच हरभरा मार खातो. दक्षिणेचा शेजारी त्याच झाडाखाली जेवायला बसतो आणि त्याला तक्रार कशाची ते समजत नाही. दुसरी गोष्ट अशी की नुकसान फक्त सावलीचं नसतं. निंबाच्या आणि बाभळीच्या मुळ्या धुरा ओलांडून ओल ओढून घेतात. कोरडवाहू रानात पावसाने ओढ दिली की पीक पहिल्यांदा माना टाकतं ते धुऱ्याजवळ. शेतकरी दोन्ही गुन्हे सावलीच्या नावावर लिहितो, कारण सावली दिसते आणि मूळ दिसत नाही.

लंडनमध्ये हेच गणित केलं की इंग्रज माणूस कुंपणावरून एवढा का भांडतो ते समजतं. तिथे डिसेंबरच्या दुपारी सूर्य जेमतेम 15 अंशांवर येतो आणि 30 फुटी झाडाची सावली 110 फुटांच्या पुढे जाते, म्हणजे शेजाऱ्याची बाग, स्वयंपाकघर आणि त्याच्या पलीकडच्याचंही अंगण. आपल्याकडे ऊन फुकट आणि उदंड, सावलीच महाग. याच जिल्ह्यात देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजाकडे भाजीपाल्याचं बी तयार करणारे शेतकरी शेडनेट उभारून पैसे मोजून सावली विकत घेतात. हे मी सावलीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांना सांगितलं की ते वैतागतात. सावली आपल्या मर्जीची असली तर शेडनेट, दुसऱ्याच्या मर्जीची असली तर अन्याय. त्यांचं म्हणणं चुकीचं आहे असंही नाही.

आता कायदा. शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या अशा हक्कांचा भारतातला मूळ ग्रंथ म्हणजे 1882 चा सुविधाधिकार अधिनियम. त्याचा मसुदा व्हिटली स्टोक्स या आयरिश कायदेपंडिताने केला. हे गृहस्थ फावल्या वेळात जुन्या केल्टिक भाषांचे व्यासंगी होते आणि त्यांच्या कलमांत भाषा जपून वापरणाऱ्या माणसाचा हात दिसतो. सातव्या कलमात जमीनमालकाच्या नैसर्गिक हक्कांची उदाहरणं आहेत. त्यात एक हक्क असा आहे की, जमिनीवर उभा, म्हणजे सरळ वरून खाली येणारा जितका प्रकाश आणि हवा असेल, तितकी प्रत्येक मालकाची आहे. सरळ वरून येणारा. तिरपा प्रकाश शेजाऱ्याच्या जमिनीवरून येतो, त्यामुळे तो हक्काने मागता येत नाही. साडेवीस अंशांवरच्या वावरात वर्षातले एक-दोन दिवस सोडले तर सगळंच ऊन तिरपं असतं, ही बाब स्टोक्ससाहेबांच्या लक्षात आली असेल की नाही कोण जाणे.

तिरप्या प्रकाशाचा हक्क मिळवायचा मार्ग पंधराव्या कलमात आहे. एखाद्या इमारतीला शेजारच्या जमिनीवरून येणारा उजेड किंवा हवा 20 वर्षं शांतपणे, अडथळा न येता मिळत राहिली, तर तो हक्क पक्का होतो. शेजारची जमीन सरकारी असेल तर 30 वर्षं लागतात. इथे शब्द आहे इमारत. आणि कोणाला शंका राहू नये म्हणून सतराव्या कलमात स्पष्ट म्हटलं आहे की मोकळ्या जमिनीकडे येणाऱ्या प्रकाशाचा किंवा हवेचा हक्क अशा वहिवाटीने मिळवता येणार नाही. तुमच्या पणज्यापासून त्या वावरात ऊन पडत आलं असेल, तरी सोयाबीनला त्यावर हक्क सांगता येत नाही. गोठ्याच्या खिडकीला येतो.

हे ऐकून शेतकऱ्याला चीड येते आणि ती समजण्यासारखी आहे. पण या कलमामागचा विचार सरळ आहे. मोकळ्या जमिनीला उन्हाचा हक्क दिला तर तिच्या चारही बाजूंच्या जमिनी कायमच्या बांधल्या गेल्या असत्या. कोणाला घर बांधता आलं नसतं, आंबा लावता आला नसता. ज्याने आधी पेरलं त्याने शेजाऱ्याचं आकाश काबीज केलं, असं झालं असतं. मला हा युक्तिवाद पटतो. फक्त तो शहर डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे, जिथे मोकळी जमीन म्हणजे उद्याचा प्लॉट. जिथे मोकळी जमीन हेच माणसाचं पोट आहे, तिथे तो तोकडा पडतो.

दृश्याचं तर विचारूच नका. इंग्लंडमध्ये 1610 साली ऑल्ड्रेड नावाच्या माणसाने शेजाऱ्याविरुद्ध खटला केला. शेजाऱ्याने डुकरांचा खुडा बांधला होता, वास येत होता, उजेड अडला होता. तो जिंकला. पण त्याच निकालात हेही ठरलं की, घरातून दिसणारं छान दृश्य ही आनंदाची बाब आहे, गरजेची नाही, म्हणून ते अडवल्याचा दावा चालत नाही. चारशे वर्षं झाली तरी हे तत्त्व टिकून आहे आणि ते आपल्याकडेही आलं. बुलडाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या काठावर वसलेलं आहे. गच्चीवरून घाटाखालचा मुलूख दिसावा म्हणून कोणी जास्त पैसे देऊन प्लॉट घेतला आणि पुढच्याने झाडांची भिंत उभी केली, तर त्याला न्यायालयात जाऊन उपयोग नाही. विकत घेताना पुढच्या मालकाकडून तसा करार लिहून घेतला असेल तरच काही बोलता येईल.

तर मग वावरातल्या सावलीचं भांडण जातं कुठे? ते वेश बदलून जातं.

तहसीलदाराकडे 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाचं पाचवं कलम असतं. पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला, शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट अडवली, तर तो अडथळा काढायचा हुकूम तो देऊ शकतो. अर्ज मात्र अडथळा झाल्यापासून 6 महिन्यांच्या आत करावा लागतो. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं 143 वं कलम आहे, त्यात धुऱ्यावरून रस्ता देता येतो. पाण्याला कलम आहे, वाटेला कलम आहे, उन्हाला नाही. म्हणून ज्याचा हरभरा सावलीत पिवळा पडला तो वाटेचा अर्ज करतो. झाड वाटेत येतं, असं म्हणतो. नाही तर म्हणतो, झाडच माझ्या हद्दीत आहे, मोजणी करा.

मोजणीचा दिवस एकदा पाहण्यासारखा असतो. भूमी अभिलेख कार्यालयाची नोटीस लगतच्या सगळ्या खातेदारांना गेलेली असते, त्यामुळे जे एरवी एकमेकांचं तोंड पाहत नाहीत ते सकाळी नऊ-दहाला धुऱ्यावर हजर असतात. पूर्वी भूकरमापक तिकाटण्यावर पाटी ठेवून साखळीने मोजायचा, आता रोव्हरची काठी घेऊन चालतो आणि उपग्रह त्याला जागा सांगतात. एक जण चुन्याची पिशवी धरतो. प्रत्येक जण आपापला जुना दगड दाखवतो. तो दगड कधीच नांगराने उलटलेला असतो. भूकरमापक काही बोलत नाही. तो ठरलेले बिंदू पकडतो, आकडे जुळवतो आणि चुन्याची रेघ ओढत जातो. सगळ्यांचे डोळे एकाच गोष्टीवर असतात, की रेघ निंबाच्या अलीकडून जाते की पलीकडून. पुष्कळदा ती बुंध्याच्या मधूनच जाते. मग कोणीतरी खो खो हसतं आणि कोणीतरी मोजणी नकाशाची ‘क’ प्रत आल्यावर पाहून घेऊ म्हणतं.

बुंधा ज्याच्या हद्दीत, झाड त्याचं. रेघ बुंध्यातून गेली तर दोघांचं, आणि दोघांच्या संमतीशिवाय त्याला कुऱ्हाड लावता येत नाही. मोजणीचे पैसे भरून झाड अर्धं शेजाऱ्याचंच निघालं, असा अनुभव पदरी पडलेली माणसं मला भेटली आहेत. ती फार वेळ हसत नाहीत.

याहून वाईट वेश आगीचा असतो. एप्रिल-मे महिन्यात वखरणीआधी धुऱ्यावरचं वाळलेलं गवत पेटवून द्यायची रीत आहे. गवतासोबत झाडाच्या बुंध्याची साल भाजते. सालीच्या आतल्या थरातून पानांनी बनवलेलं अन्न मुळांकडे जातं. बुंध्याच्या चहूबाजूंनी तो थर जळाला की मुळं उपाशी मरतात, आणि वर झाड वर्ष-दोन वर्षं हिरवं दिसत राहून मग उभं वाळतं. “धुरा पेटवला, त्यात जळालं,” एवढंच उत्तर मिळतं. ज्याला साक्षीदार नकोत तो याच तत्त्वावर रात्री विळ्याने साल काढतो. दुसऱ्याच्या झाडाची अशी नासाडी हा फौजदारी गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेत तो आगळिकीच्या 324 व्या कलमात येतो. पण सिद्ध करणं कठीण. मला वाटतं, वऱ्हाडातल्या धुऱ्यांवरची जेवढी झाडं कुऱ्हाडीने गेली असतील तेवढीच या काडीने गेली असतील.

झाडाबद्दलचा राग फक्त सावलीपुरता नसतो, हेही सांगायला हवं. दगड हलतो. वखर दर वर्षी चार बोटं आत घेतला की दहा-वीस वर्षांत धुरा सरकतो, त्याला आमच्याकडे धुरा कोरणं म्हणतात. निंब कोरता येत नाही. तो जिथे आहे तिथेच राहतो आणि हद्द दाखवत राहतो. जुन्या शास्त्रकारांना हे पक्कं माहीत होतं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सीमावादाचा भाग आहे. तिथे हद्दीवर वड, पिंपळ, पळस, सावर, ताड अशी उंच, दुधाळ, दीर्घायुषी झाडं लावावीत असं सांगितलं आहे. शिवाय लबाडीला तोंड द्यायला जमिनीखाली गुप्त खुणा पुराव्यात, म्हणजे दगड, हाडं, कोंडा, राख, खापरं, विटा, कोळसा. म्हणजे हद्दीवर झाड असणं ही आपल्याकडे चूक नव्हतीच, तो पुरावा होता. सावलीच्या भांडणात तोच साक्षीदार आरोपी होऊन उभा राहतो.

ग्रीकांनी उलटा रस्ता धरला होता. प्लुटार्कने सोलोनच्या चरित्रात नोंदवलं आहे की अथेन्समध्ये शेजाऱ्याच्या हद्दीपासून 5 फूट सोडून झाड लावायचं, आणि अंजीर किंवा ऑलिव्ह असेल तर 9 फूट, कारण त्यांची मुळं लांब जातात. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस मुळांचाही विचार करत होता. फ्रान्सच्या दिवाणी संहितेत आजही असाच नियम आहे. 2 मीटरपेक्षा उंच होणारं झाड हद्दीपासून 2 मीटर, बाकीची अर्धा मीटर. आपल्या कायद्यात असं अंतर नाही. धुऱ्याच्या रेघेला चिकटून निलगिरीची रांग लावली तरी ती लावताना कोणी अडवू शकत नाही.

फांद्या मात्र वेगळी गोष्ट. सावली तुमच्या वावरात पडली तर काही करता येत नाही, पण फांदी स्वतः तुमच्या वावरावर आली तर ती तुमच्या आकाशात घुसखोर आहे. 1894 साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने आणि मग हाउस ऑफ लॉर्ड्सने लेमन विरुद्ध वेब या खटल्यात ठरवलं की, आपल्या हद्दीवर आलेली फांदी माणूस शेजाऱ्याला न सांगताही छाटू शकतो, फक्त त्यासाठी शेजाऱ्याच्या जमिनीत पाय टाकायचा नाही. किती वर्षं फांदी तशीच होती याने फरक पडत नाही, झाडाला शेजाऱ्याच्या आकाशाची वहिवाट लागत नाही. आपल्या न्यायालयांनीही साधारण हीच दिशा धरली आहे. पण तोडलेली फांदी आणि तिच्यावरचं फळ तुमचं होत नाही. 1919 मध्ये इंग्लंडमध्ये एकाने शेजाऱ्याच्या सफरचंदाच्या फांद्या छाटल्या आणि सफरचंदं विकून टाकली, त्याला पैसे भरून द्यावे लागले. आपल्याकडे धुऱ्यावरच्या आंब्याबद्दल गावागणिक रीत वेगळी असते, पण पाडाला लागलेल्या आंब्यावरून कोणी कोर्टात गेल्याचं ऐकलं नाही. पोरं आधीच निकाल लावतात.

जपानमध्ये तर शंभराहून अधिक वर्षं गंमतीचा नियम होता. मुळी आत आली तर स्वतः कापा, फांदी आली तर मालकाला कापायला सांगा. 2023 मध्ये त्यांनी तो बदलला, आता मालकाने वाजवी मुदतीत ऐकलं नाही तर फांदीही कापता येते. मुळ्यांसाठी आपल्या शेतकऱ्याचा उपाय कायद्याहून जुना आहे. धुऱ्याच्या आतून, आपल्या बाजूने, दोन-तीन फूट खोल चर खणायची. मुळ्या तुटतात, पावसाचं पाणीही मुरतं आणि शेजाऱ्याला बोलायला जागा राहत नाही.

एक सावधगिरी. झाड तुमचं असलं तरी ते तोडायला मोकळीक नाही. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियमाच्या अनुसूचीत साग, चिंच, आंबा, जांभूळ, मोह, खैर, चंदन अशी झाडं आहेत, ती खासगी जमिनीतली असली तरी परवानगी लागते. शेजाऱ्याशी तडजोड झाली आणि दोघांनी मिळून चिंच पाडली, तरी वनखात्याची नोटीस मालकाला येते.

वावरातून गावात आलं की कायदा एकदम माणसाच्या बाजूला येतो, कारण आता खिडकी आली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घरबांधणीच्या नियमांत उजेडासाठी वरच्या बाजूला लहान झरोका ठेवावा असं आहे. उजेडही मिळावा आणि शेजाऱ्याच्या अंगणात डोकावणंही होऊ नये, असा तो मेळ. जुन्या वऱ्हाडी घरांची मागची भिंत अशीच असते, माणसाच्या डोक्याच्या वर दोन-तीन झरोके. तो झरोका 20 वर्षं उजेड घेत असेल तर शेजाऱ्याला तो बंद करता येत नाही.

पण खटला जिंकायला आणखी काही लागतं. दावा लावण्याच्या आधीच्या 2 वर्षांच्या आत ही 20 वर्षं पूर्ण झालेली असली पाहिजेत. शेजाऱ्याने मध्ये कधी अडथळा आणला असेल आणि तुम्ही तो कळल्यावर वर्षभर मुकाट सोसला असेल, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. खिडकीबद्दल शेजाऱ्याशी करार असेल की ‘हे तात्पुरतं आहे’, तर हक्क तयारच होत नाही. आणि 33 व्या कलमाप्रमाणे, उजेड थोडा कमी झाला एवढं पुरत नाही, राहणं खरोखर गैरसोयीचं झालं पाहिजे किंवा नेहमीचा धंदा करता येत नाही असं दाखवता आलं पाहिजे. शिंप्याच्या दुकानाची खिडकी आणि कोठीघराची खिडकी न्यायालयाला सारखी दिसत नाही. जिंकण्याआधी स्वतः जाऊन अडथळा तोडायलाही 36 व्या कलमात मनाई आहे. दावा तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात सुरू होतो, अपील जिल्हा न्यायालयात, दुसरं अपील नागपूर खंडपीठात. तोवर झाड किती वाढलं असेल याचा हिशेब वकील सांगत नाहीत.

20 वर्षांची गरज नसलेला एक प्रकार आहे आणि आपल्या भागात तोच सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. तेराव्या कलमानुसार एका घराची वाटणी झाली आणि वाटणीच्या वेळी एका भावाच्या खोलीला दुसऱ्याच्या वाट्यातून उजेड येत होता, तर तो उजेड पहिल्याच दिवसापासून त्याचा. वाटणीपत्रात वेगळं लिहिलं नसेल तर दुसऱ्या भावाला तिथे भिंत घालता येत नाही. वाटणीपत्र लिहिताना सगळे तोळे-मासे मोजतात, आड-विहिरीचे दिवस वाटतात, खिडकीबद्दल एक ओळ लिहायला मात्र कोणालाच सुचत नाही.

नव्या वसाहतींत, बुलडाण्यात काय आणि खामगाव-मलकापुरात काय, इंग्रजी भांडणाला सगळ्यात जवळचं झाड म्हणजे कंपाउंडच्या भिंतीलगतचा उंच, खालपर्यंत पानांनी भरलेला अशोक. खरा सीताअशोक हा नव्हे, त्याचं नाव उसनं घेतलेलं हे दुसरंच सदाहरित झाड आहे. स्वस्त मिळतं, जागा कमी घेतं आणि हात न लावताही घराच्या दोन मजल्यांइतकं होतं. एकीकृत विकास नियंत्रण नियमावली 2020 मध्ये आली, त्यात घराने किती सामासिक अंतर सोडायचं ते लिहिलं आहे. झाडांच्या भिंतीला हा नियम लागू नाही. उलट 1975 चा शहरी वृक्षसंवर्धन कायदा झाडाच्या बाजूने उभा आहे, झाड तोडायचं तर नगरपरिषदेची परवानगी हवी.

इंग्लंडमध्ये अशोकाच्या जागी लेलँड सायप्रस आहे. हे झाड 1888 मध्ये वेल्समधल्या लेटन हॉल या ठिकाणी दोन अमेरिकी सुरूंच्या योगायोगाने झालेल्या संकरातून निघालं. ते इतकं झपाट्याने वाढतं की मध्यमवर्गीयांनी आडोशासाठी रांगाच्या रांगा लावल्या, आणि त्यांच्या उंचीवरून मारामाऱ्या झाल्या. अखेर 2003 च्या समाजविघातक वर्तन कायद्यात उंच कुंपणांचा स्वतंत्र भाग घालावा लागला, तो 2005 पासून लागू झाला. सदाहरित झाडांची दोन किंवा अधिकांची रांग, 2 मीटरपेक्षा उंच, आणि तिच्यामुळे घराचा उपभोग घेता येत नसेल, तर नगरपालिकेकडे तक्रार करता येते. नगरपालिका ठरावीक उंचीपर्यंत छाटायला सांगते, पण 2 मीटरच्या खाली नाही, आणि मुळापासून काढायलाही सांगत नाही. मला यातली मधली जागा आवडते. न्यायालय नाही, वीस वर्षांची वाट नाही, बुटका निकाल.

आपल्याकडे अशा मधल्या जागेचा प्रयत्न 2007 मध्ये झाला. त्या वर्षी 15 ऑगस्टला गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. तंटामुक्त समितीने धुऱ्याची भांडणं पारावर बसवून मिटवली, फांद्या किती छाटायच्या हेही ठरवलं. 2023 मध्ये सलोखा योजना आली. ज्यांच्या जमिनी किमान 12 वर्षं एकमेकांच्या ताब्यात आहेत अशा शेतकऱ्यांना 1000 रुपये मुद्रांक शुल्क आणि 1000 रुपये नोंदणी फी भरून अदलाबदल करता येते. पण ही योजना जमिनीच्या ताब्याबद्दल बोलते. सावली तिच्यातून निसटते.

आणि आता त्या सावलीला नवा ग्राहक आला आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून विहिरीच्या काठाला पॅनेलं उभी राहत आहेत. पॅनेलमधल्या चकत्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी पूर्ण ओळीची वीज घसरते. सोयाबीनचा एक तास सावलीत गेला तर तेवढाच तास जातो, इथे पंपच दमतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने यावर 1978 मध्येच कायदा केला. पॅनेल बसल्यानंतर शेजारच्या झाडाने सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळात पॅनेलचा दहा टक्क्यांपेक्षा जास्त भाग झाकायचा नाही. 2007 च्या अखेरीस तिथल्या सनीव्हेल शहरात शेजाऱ्याच्या पॅनेलवर सावली टाकणाऱ्या रेडवुड झाडांपायी एका जोडप्यावर दोष सिद्ध झाला. झाडं पॅनेलच्या आधी लावलेली होती. गदारोळ झाला आणि 2008 मध्ये कायदा दुरुस्त करून आधीच्या झाडांना अभय द्यावं लागलं.

आपल्या 1882 च्या कायद्याला हे पॅनेल इमारत वाटणार नाही. विहिरीकाठी खांबावर उभं असलेलं पॅनेल म्हणजे त्याच्या लेखी मोकळी जमीनच. म्हणून ज्याला पंप बसवायचा आहे त्याने आधी स्वतःच मोजलेलं बरं. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून बसतं, तेव्हा दक्षिणेच्या धुऱ्यावरचं झाड पाहायचं. तो निंब 30 फुटी असेल, तर डिसेंबरात सकाळी नऊपासून सावली टाळायला धुऱ्यापासून सरळ 40 फूट आत यायचं. पुढच्या दहा वर्षांत झाड आणखी वाढणार, म्हणून 50. झाडाचा आणि धुऱ्याचा तारखेसह फोटो काढून ठेवायचा. मग खुंटी ठोकायची.

पावलं मोजत असताना धुऱ्यापलीकडून शेजारी हमखास विचारतो, “काय मोजून राहिला, दादा?” सांगून टाकावं, तुह्या निंबाची सावली. दोन वावरांना एकच विहीर असली तर पॅनेलवर सावली पडू नये असं त्यालाही वाटतं, आणि फांद्या छाटायला त्या वर्षी तोच कोयता घेऊन येतो.